उत्तर आणि आधार : शोधयंत्र व उत्तरयंत्र यांचा वैद्यदृष्ट्या तौलनिक अभ्यास

प्रस्तावना

पारनेरसारख्या तालुक्याच्या गावी वैद्यकव्यवसाय करणाऱ्या वैद्याच्या हाताशी मोठे ग्रंथालय नसते. संहिता, एखाददुसरी टीका, एक निघंटू आणि पदवीच्या काळातील टिपणे एवढ्या सामग्रीवर बहुतेकांचा संसार चालतो. अधिक काही पाहावयाचे झाल्यास अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) अथवा पुणे गाठावे लागते. यास्तव मोबाईलवरील आंतरजाल हेच आपणांपैकी अनेकांचे ग्रंथालय बनले आहे, यात आश्चर्य नाही.

या ग्रंथालयाचे स्वरूप मात्र अलीकडे पालटले आहे. पूर्वी आपण दोनचार शब्द लिहीत असू आणि यंत्र त्या शब्दांशी संबंधित पानांची यादी पुढे ठेवीत असे. यादीतील काय वाचावे, कोणावर विश्वास ठेवावा, हे आपणच ठरवीत असू. आता पूर्ण वाक्यात प्रश्न विचारला की यंत्र यादीऐवजी थेट उत्तर देते. उत्तर सुबक भाषेत, मुद्देसूद आणि कमालीच्या आत्मविश्वासाने दिलेले असते. रुग्णही हेच उत्तर मोबाईलवर घेऊन चिकित्सालयात येतो आणि वैद्याच्या मताशी ताडून पाहतो.

या दोन साधनांची तुलना करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पहिल्यास आम्ही ‘शोधयंत्र’ म्हणू व दुसऱ्यास ‘उत्तरयंत्र’. संगणकशास्त्रातील बारकावे हा आमचा विषय नाही. रुग्णाबाबत निर्णय घेताना यांपैकी कोणाचे म्हणणे कोणत्या मर्यादेपर्यंत प्रमाण मानावे, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

दोन्ही साधनांची कार्यपद्धती

शोधयंत्राचे कार्य तीन पायऱ्यांनी चालते. प्रथम ते आंतरजालावरील पाने अखंड वाचत फिरते. नंतर कोणता शब्द कोणत्या पानावर आला आहे याची प्रचंड सूची तयार करते. शेवटी, आपण शब्द दिला की सूचीतून जुळणारी पाने काढून त्यांचा क्रम लावते. निघंटूच्या अखेरीस असलेल्या अकारादि सूचीचेच हे विराट रूप म्हणता येईल. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्थापन केलेल्या गुगलने क्रम लावण्यासाठी एक नवे तत्त्व वापरले: ज्या पानाकडे इतर पुष्कळ व वजनदार पाने निर्देश करतात, ते पान वर ठेवावे. पुढे या क्रमनिश्चितीत इतर अनेक घटक मिसळले गेले. वाचकाने एवढे ध्यानी ठेवावे की पहिला क्रमांक हा लोकमान्यतेचा व जुळणीचा निदर्शक असतो, सत्यतेचा नव्हे. शिवाय पैसे देऊन लावलेल्या जाहिराती यादीच्या डोक्यावर बसतात, ते वेगळेच.

उत्तरयंत्राच्या मुळाशी भाषेचे संगणकीय प्रतिमान असते. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दसमूहामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे त्याने आत्मसात केलेले असते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी जनतेस खुले झालेले चॅटजीपीटी आरंभी केवळ पूर्वी वाचलेल्या मजकुराच्या बळावर उत्तरे देत असे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आलेल्या पर्प्लेक्सिटीने प्रश्नासरशी आंतरजालावर शोध घेऊन, सापडलेल्या पानांवरून उत्तर रचून, त्याखाली आधारांचे क्रमांक देण्याची पद्धत रूढ केली. गुगलने शोधयादीच्या वर यंत्ररचित सारांश दाखविण्यास मे २०२४ मध्ये अमेरिकेत व ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात प्रारंभ केला. म्हणजे आजचे उत्तरयंत्र हे शोधयंत्राचा सर्वस्वी पर्याय नव्हे. ते बहुधा शोधयंत्राकडूनच पाने मागवते, त्यांतील मोजकी निवडते आणि आपल्या शब्दांत सांगते. निवड आणि कथन ही जी दोन कामे पूर्वी वाचक करीत असे, ती आता यंत्र करते. दोन साधनांमधील खरा भेद हाच होय.

आप्तोपदेशाच्या कसोटीवर

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात परीक्षेचे चार मार्ग सांगितले आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. ग्रंथातून वा दुसऱ्याच्या मुखातून मिळणारे ज्ञान पहिल्या मार्गात मोडते. येथे ‘उपदेश’ या शब्दाइतकेच ‘आप्त’ या शब्दाला महत्त्व आहे. रज व तम यांपासून मुक्त, ज्याचे ज्ञान अबाधित आहे आणि ज्याला असत्य बोलण्याचे कारण नाही, तो आप्त. म्हणजे वचन प्रमाण ठरते ते वक्त्याच्या योग्यतेमुळे. वक्ता कोण, हेच ठाऊक नसेल तर वचन कितीही सुंदर असो, ते परीक्षेच्या पहिल्याच पायरीवर अडते.

शोधयंत्र वक्त्यांची रांग उभी करते. त्या रांगेत संशोधनपत्रिका असते, शासकीय संस्था असते, औषधविक्रेता असतो आणि कोणी हौशी लेखकही असतो. गर्दी गोंधळाची असली तरी प्रत्येकाच्या कपाळावर त्याचे नाव असते. उत्तरयंत्र या सर्वांचे बोलणे ऐकून एकाच सुरात निवेदन करते. त्यात विक्रेत्याचे वाक्य आणि संशोधकाचे वाक्य शेजारी बसते व दोहोंची भाषा सारखीच सफाईदार होते. मे २०२४ मध्ये अमेरिकेत गुगलच्या सारांशाने पिझ्झावरील चीज सुटू नये म्हणून त्यात गोंद मिसळण्याचा सल्ला दिल्याचे प्रकरण जगभर गाजले. त्याचे मूळ कोणी तरी पूर्वी केलेल्या थट्टेत होते. तेथे आधार नव्हता असे नाही. आधार होता; तो आप्त नव्हता.

आपल्या परंपरेत संकलकाचे कामही निनावी नसे. चरकसंहितेचा अनुपलब्ध भाग दृढबलाने पूर्ण केला. चिकित्सास्थानातील सतरा अध्याय आणि कल्पस्थान व सिद्धिस्थान यांतील प्रत्येकी बारा, असे एकूण एकेचाळीस अध्याय त्याने भरून काढले आणि ही भर आपण अनेक तंत्रांतून वेचून घातल्याचे ग्रंथातच नमूद केले. टीकाकारही अनेक ठिकाणी अन्य आचार्यांची मते व पाठभेद नोंदवून मग आपला अभिप्राय देतात. मूळ कोठे संपले आणि भर कोठे सुरू झाली, हे त्यामुळे आजही आपणांस कळते. उत्तरयंत्राच्या परिच्छेदात ही सीमारेषा पुसट होते. जेथे आधार अपुरा पडतो तेथे ते आपल्या सवयीच्या शब्दक्रमाने रिकामी जागा भरते, आणि ती भरलेली जागा वाचकास वेगळी दिसत नाही. क्वचित अस्तित्वातच नसलेल्या लेखाचे वा श्लोकाचे नावही दिले जाते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात यंत्राने रचलेले, प्रत्यक्षात कधीच न झालेले निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. वकिलाला दंड भरून सुटता येते. वैद्याच्या बाबतीत किंमत रुग्णास मोजावी लागते.

उदाहरण पहिले : ब्राह्मी

सिद्धान्त उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, एखाद्या पालकाने विचारले, ‘मुलाच्या स्मरणशक्तीसाठी अंगणातील ब्राह्मीची पाने द्यावीत काय?’ हाच प्रश्न दोन्ही साधनांपुढे ठेवून पाहावा.

भारतीय आयुर्वेदिक भेषजसंहितेनुसार ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी, तर सेंटेला एशियाटिका म्हणजे मंडूकपर्णी. महाराष्ट्रात मात्र अंगणात, कुंडीत वा बाजारात ‘ब्राह्मी’ या नावाने पुष्कळदा मंडूकपर्णीच मिळते, आणि बॅकोपाला नीरब्राह्मी वा जलब्राह्मी असे वेगळे नाव दिले जाते. चरकाने चिकित्सास्थानाच्या आरंभी जी चार मेध्य रसायने सांगितली, त्यांत मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी यांचा समावेश आहे. आधुनिक काळात स्मृतीविषयी ज्या चिकित्सा-चाचण्या ब्राह्मीच्या नावाने उद्धृत होतात, त्या बहुतांशी बॅकोपाच्या अर्कावरील असतात.

शोधयंत्राच्या यादीत दोन्ही वनस्पतींची पाने खालीवर येतात. वाचक चक्रावतो, परंतु नावात काही घोटाळा आहे, एवढे तरी त्यास कळते. उत्तरयंत्र बहुधा एक नीटस परिच्छेद देईल, ज्यात एका वनस्पतीचे शास्त्रीय नाव, दुसरीचे मेध्य रसायनातील स्थान आणि पहिलीच्या अर्काची चाचणी एकत्र गुंफली जाण्याचा धोका असतो. त्यातील प्रत्येक विधान स्वतंत्रपणे खरे असू शकेल. एकत्र मिळून मात्र ते अंगणातील त्या पानाविषयी काहीच सिद्ध करीत नाही. गोंधळ दिसणे हे येथे हिताचे ठरते, कारण तो वैद्यास प्रत्यक्ष वनस्पती पाहावयास लावतो.

न्याय्य तुलना करावयाची तर याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘महाराष्ट्रात ब्राह्मी या नावाने कोणकोणत्या वनस्पती प्रचलित आहेत व भेषजसंहितेत कोणती मान्य आहे?’ असा नेमका प्रश्न केला, तर तेच उत्तरयंत्र हा भेद व्यवस्थित मांडू शकते. म्हणजे चांगले उत्तर मिळण्यासाठी घोटाळा आधीच ठाऊक असावा लागतो. ज्ञात्याच्या हाती हे साधन तीक्ष्ण असते आणि अज्ञाच्या हाती तेच निसरडे होते.

उदाहरण दुसरे : गुळवेल

ब्राह्मीच्या उदाहरणात नावाचा प्रश्न होता. गुळवेलीच्या बाबतीत मतभेदाचा प्रश्न आहे आणि तो अधिक गंभीर आहे.

कोविडच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघरी घेतला गेला. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची माला प्रसिद्ध केली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात आलेल्या या रुग्णांत गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचे त्यांनी नोंदविले. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये त्यास उत्तर दिले. सेवन केलेल्या वनस्पतीची ओळख लेखकांनी पटविलेली नाही, आणि टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही सदृश जाती वापरली गेली असण्याचा संभव आहे, असा मंत्रालयाचा आक्षेप होता. २०२२ मध्ये तेरा केंद्रांतील त्रेचाळीस रुग्णांचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. मंत्रालयानेही फेब्रुवारी २०२२ मध्ये गुडूची सुरक्षित असल्याचे सांगून, मात्र योग्य जातीचीच वापरावी आणि दोहोंतील भेद ओळखावा, असे आवाहन केले. क्रिस्पाच्या कांडावर गाठी पुष्कळ असतात व तिच्यातून दुधाळ स्राव येतो. कॉर्डिफोलियाच्या कांडावर तशा गाठी नसतात व स्राव दुधाळ नसतो.

आता ‘गुळवेल यकृतास घातक आहे काय?’ हा प्रश्न घ्यावा. शोधयंत्र रुग्णमालिका, मंत्रालयाचे निवेदन, वृत्तपत्रांचे मथळे आणि गोळ्यांच्या जाहिराती सारे एकत्र पुढे ठेवते. वाचण्यास तास लागतो. पण कोणी, कधी, कशाच्या आधारे काय म्हटले याचा क्रम हाती येतो. उत्तरयंत्र क्षणात सांगते की गुळवेल सामान्यतः सुरक्षित असून काही जणांस यकृताचा त्रास होऊ शकतो व वैद्यांचा सल्ला घ्यावा. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु वादाचा जो गाभा, म्हणजे वनस्पतीची ओळख कोणी पटविली, रुग्णास पूर्वीचा यकृतविकार होता काय, किती मात्रा किती दिवस घेतली, तोच त्यातून गळून जातो. वैद्याने समोरच्या रुग्णाला गुळवेल द्यावी की थांबवावी, हे ठरविण्यास नेमके तेच लागते.

येथे आपल्या व्यवसायबंधूंस एक स्पष्ट सूचना करणे आम्हांस आवश्यक वाटते. उत्तरयंत्र हे विचारणाऱ्याच्या प्रश्नाच्या कलाने झुकू शकते. ‘गुळवेल निर्दोष असल्याचे पुरावे द्या’ म्हटले की तसे पुरावे मिळतात. ‘घातक असल्याचे पुरावे द्या’ म्हटले की तेही मिळतात. आपल्या शास्त्रावरील प्रेमापोटी पहिला प्रश्न विचारून समाधान मानणे सोपे आहे. तथापि पिवळ्या डोळ्यांचा रुग्ण समोर बसला असता, दुसरा प्रश्न विचारणे हे वैद्याचे कर्तव्यच होय.

न विचारलेले प्रश्न

वैद्य उत्तर देण्यापूर्वी प्रश्न विचारतो. देश, काल, वय, बल, अग्नी, प्रकृती, सात्म्य यांची विचारपूस ही आपली पहिली क्रिया. पारनेर तालुका अवर्षणप्रवण, कोरड्या हवेचा, जांगल देशाच्या लक्षणांजवळ जाणारा, कोकणपट्टी आनूप. एकाच व्याधीत दोन्हीकडे एकच आहार व एकच मात्रा चालत नाही. शोधयंत्र तर हे विचारतच नाही, आणि तसा दावाही करीत नाही. उत्तरयंत्र संभाषणाच्या भाषेत बोलते, म्हणून ते वैद्यासारखे भासते. परंतु त्याने आवश्यक ते विचारले असेलच, याची शाश्वती नसते.

याचे नमुनेदार उदाहरण २०२५ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथील चिकित्सकांनी प्रसिद्ध केले. साठ वर्षे वयाच्या एका गृहस्थांनी मिठाचे दुष्परिणाम वाचून आहारातील क्लोराईड वर्ज्य करण्याचे ठरविले आणि चॅटजीपीटीशी विचारविनिमय करून मिठाऐवजी सोडियम ब्रोमाईड सुमारे तीन महिने घेतले. संशयग्रस्तता व भास सुरू होऊन त्यांस रुग्णालयात ठेवावे लागले. निदान ब्रोमाईडची विषबाधा असे झाले. त्यांचे मूळ संभाषण चिकित्सकांस पाहावयास मिळाले नाही. मात्र त्यांनी स्वतः त्याच यंत्राच्या एका जुन्या आवृत्तीस ‘क्लोराईडऐवजी काय वापरता येईल’ असे विचारले, तेव्हा उत्तरात ब्रोमाईडचे नाव आले. आणि हे कशासाठी हवे आहे, अशी विचारणा यंत्राने केली नाही. स्वच्छतेच्या वा उद्योगाच्या कामात ब्रोमाईड क्लोराईडची जागा घेऊ शकेलही. ताटात ते घेऊ शकत नाही. हेतू न विचारता दिलेले उत्तर माहिती म्हणून बरोबर आणि उपदेश म्हणून घातक असू शकते.

मात्रेच्या बाबतीत आपल्या ग्रंथांत असाच एक आडवळणाचा भाग आहे. मागध व कालिंग ही दोन माने वेगळी आहेत. द्रव व आर्द्र द्रव्ये कुडवापासून पुढील मानांत दुप्पट घ्यावीत, हा नियम परिभाषेच्या प्रकरणात असतो. पाठाच्या श्लोकात तो पुन्हा सांगितलेला नसतो. श्लोकाचा शब्दार्थ दोन्ही यंत्रे देतील, परंतु परिभाषा आठवणे हे वैद्याचे काम आहे. सिद्ध तेलाचा वा आसवाचा पाठ यंत्राकडून घेऊन तसाच भांड्यात उतरविणे धोक्याचे आहे ते याच कारणाने.

उत्तरयंत्राचे गुण

दोष दाखविण्याच्या भरात गुणांकडे डोळेझाक करणे शास्त्रीय वृत्तीस शोभणारे नाही. उत्तरयंत्राचे चार लाभ आम्हांस विशेष वाटतात.

पहिला, भाषेचा. शेतकरी ‘पायाला चिखल्या झाल्या’ म्हणतो. शब्दाशी शब्द जुळविणाऱ्या जुन्या पद्धतीत अशा बोलीतील शब्दावरून थोडेच हाती लागत असे. उत्तरयंत्राला वाक्याचा आशय अधिक उमगतो, आणि तेथून सुश्रुतोक्त ‘अलस’ व आधुनिक बुरशीजन्य विकार या दोहोंपर्यंत जाण्याची वाट सापडू शकते.

दुसरा, इंग्रजीचा अडसर. संशोधनपर लेख बहुधा इंग्रजीत असतात. त्यांचा गोषवारा मराठीत मागता येतो, कठीण संज्ञा समजावून घेता येतात.

तिसरा, उपप्रश्नांचा. एका उत्तरावरून दुसरा प्रश्न, त्यावरून तिसरा, असा संवाद चालतो. जिज्ञासू विद्यार्थ्यास हा मोठा आधार आहे.

चौथा, वेळेचा. बाजाराच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात गर्दी असताना वीस पाने चाळणे अशक्य असते. कोणते पान उघडावे याची दिशा उत्तरयंत्र लवकर दाखविते.

एक मर्यादा मात्र दोन्ही साधनांस समान आहे. जे आंतरजालावर अक्षररूपात आलेले नाही, ते दोघांच्याही दृष्टीआड असते. अहमदनगरच्या गंगाधरशास्त्री गुणे यांच्यासारख्या वैद्यांनी मराठीत ग्रंथलेखनाची मोठी परंपरा निर्माण केली. अशा छापील मराठी वाङ्मयाचा पुष्कळ भाग संगणकास वाचता येईल अशा रूपात आलेला नाही. म्हणून यंत्राने ‘उल्लेख आढळत नाही’ म्हटले, तर त्याचा अर्थ ‘उल्लेख नाही’ असा करू नये.

आधाराचे मोल

उत्तर बरोबर असले म्हणजे झाले, आधार कशाला, असा प्रश्न कोणी करील. त्यास दोन घटना उत्तर देतात.

पहिली हळदीची. जखम भरण्यासाठी हळदीचा उपयोग यावर १९९५ मध्ये अमेरिकेत एकस्व देण्यात आले. ही गोष्ट भारतातील प्रत्येक घरास ठाऊक होती. परंतु ‘सर्वांस ठाऊक आहे’ हा पुरावा होऊ शकत नव्हता. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व छापील लेख पुढे ठेवले, तेव्हा १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय कोश उभारण्याच्या कार्यास चालना मिळाली. उत्तर घरोघरी होते. लढा जिंकला तो आधाराने.

दुसरी घटना आपल्याच तालुक्याशी निगडित आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा महाराष्ट्राच्या माहिती अधिकार कायद्याच्या घडणीत मोठा वाटा होता. राज्याचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. या कायद्याने नागरिकास काय दिले, ते वैद्याने नीट पाहावे. अधिकाऱ्याने तोंडी खुलासा करावा एवढ्यावर कायदा थांबला नाही. अभिलेख स्वतः पाहण्याचा, त्यावरून टिपणे घेण्याचा आणि प्रमाणित प्रती मिळविण्याचा अधिकार त्याने दिला. ‘काम झाले आहे’ हे उत्तर पूर्वीही मिळत असे. मूळ कागद पाहता येऊ लागल्यावर ते उत्तर तपासता येऊ लागले. ज्या तालुक्याने मूळ कागदाचा आग्रह धरला, तेथील वैद्याने औषधाच्या बाबतीत खुलाशावर समाधान मानावे, हे विसंगत ठरेल.

वैद्यासाठी कार्यपद्धती

वरील विवेचनावरून नित्य व्यवहारासाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

१. प्रश्न नेमका करावा. वनस्पतीचे संस्कृत व शास्त्रीय नाव, कल्पाचे नाव, व्याधीची अवस्था यांचा उल्लेख असावा.

२. दिशा मिळविण्यासाठी उत्तरयंत्र वापरण्यास हरकत नाही. मात्र उत्तरातील प्रत्येक महत्त्वाच्या विधानाचा आधार उघडून पाहावा. पान अस्तित्वात आहे काय, आणि त्यात तेच विधान आहे काय, या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्यात.

३. उलट बाजूचा प्रश्नही विचारावा. गुण विचारले तसे उपद्रव, निषेध व अन्य औषधांशी होणारे परिणामही विचारावेत.

४. श्लोक, स्थान व अध्याय यांची खातरजमा मूळ संहितेवरूनच करावी. हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय आयुर्विज्ञान संपदा संस्थेने संहितांचे संगणकीय पाठ उपलब्ध केले आहेत. संशोधनासाठी आयुष रिसर्च पोर्टल व पबमेड, आणि व्याधिसंज्ञांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेले नमस्ते पोर्टल ही स्थळे थेट पाहावीत.

५. मात्रा, विषद्रव्ये, शोधन, गर्भिणी, बालक व यकृत-वृक्कविकाराचे रुग्ण यांबाबत यंत्राच्या उत्तरावर निर्णय घेऊ नये. भल्लातक, वत्सनाभ, कुपीलू यांसारख्या द्रव्यांबाबत तर मुळीच नाही.

६. रुग्णाचे नाव, गाव वा ओळख पटेल असा तपशील यंत्रास सांगू नये. रुग्णाची गोपनीयता हा आपला जुना धर्म आहे.

मोबाईलवरील उत्तर घेऊन आलेल्या रुग्णास हिणवू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. त्याने विचारणा केली, यात त्याचा दोष नाही. ‘हे कोठून घेतले आहे ते आपण दोघे मिळून पाहू,’ असे म्हणून खालचा आधार त्याच्यासमोर उघडावा. पुष्कळदा ते पान औषधविक्रेत्याचे निघते आणि रुग्णास पुढचे स्वतःच उमगते. कधी ते पान उत्तम निघते. तेव्हा ते मान्य करण्यात वैद्याचा कमीपणा नाही. रुग्ण घरी परत जाऊन पुन्हा यंत्रासच विचारणार आहे. त्याने विचारल्यावर आधार उघडावा, एवढी सवय त्यास लागली तरी पुष्कळ झाले.

उपसंहार

शोधयंत्र साक्षीदार उभे करते आणि निर्णय आपणांवर सोपविते. उत्तरयंत्र निर्णयाच्या भाषेत बोलते आणि साक्षीदारांस मागे ठेवते. पहिल्यात श्रम अधिक आहेत, दुसऱ्यात सोय अधिक आहे. सोयीचा लाभ घेण्यास आमचा विरोध नाही. साक्ष तपासण्याचे काम मात्र सोयीच्या नावाखाली सोडून देता येणार नाही, कारण औषधाच्या चिठ्ठीखाली सही यंत्राची नसते, वैद्याची असते. शब्द कोणाचा, हे विचारणे ही आपल्या शास्त्राची जुनी शिस्त आहे. नव्या साधनांसमोर तीच शिस्त पुन्हा अंगी बाणवावी, एवढेच आमचे नम्र प्रतिपादन आहे.

स्वाध्याय

१. ‘शंखपुष्पी’ या नावाने भारताच्या निरनिराळ्या भागांत वापरल्या जाणाऱ्या वनस्पती शोधयंत्रावर व उत्तरयंत्रावर स्वतंत्रपणे शोधा. कोणत्या साधनाने प्रादेशिक भेद न विचारता दाखविला, याची नोंद करा.

२. आपण नित्य वापरता त्या एका कल्पाचा पाठ उत्तरयंत्रास विचारा व तो मूळ ग्रंथाशी ताडून पाहा. मान, द्रवद्वैगुण्य व अनुपान या तीन बाबतींत काय आढळले ते लिहा.

३. एका उत्तरातील सर्व आधार उघडा. त्यांतील किती पाने संशोधकांची, किती शासकीय व किती विक्रेत्यांची आहेत, याचे वर्गीकरण करा.

४. आप्ताची चरकोक्त लक्षणे समोर ठेवून, भाषेचे प्रतिमान ‘आप्त’ या संज्ञेस पात्र ठरते काय, यावर सकारण मत मांडा. आपल्या गावातील अभ्यासमंडळात त्यावर चर्चा घडवून आणावी, ही विनंती.